वहिनींची क्लॅरिनेट

ताईबाई वहिनी मूळच्या इंदापूरच्या. माझे थोरले बंधू श्रीपती यांच्याशी लग्न होऊन त्या काटेवाडीला आल्या, त्या वर्षी मी बारामतीला कॉमर्सला नाव घातलं होतं. सकाळच्या एसटीसाठी माझा डबा त्याच करून द्यायच्या आणि भाकरी थापता थापता गुणगुणायच्या. आमच्या घरात गाणारं कुणी नव्हतं. वडिलांनी वहिनींना गाऊ नको असं कधी म्हटलं नाही आणि गा असंही म्हटलं नाही. त्यामुळे त्या चुलीपुढं गायच्या, उसात खुरपताना गायच्या, म्हशीची धार काढताना गायच्या. म्हैस दुसऱ्या कुणाला धार देत नसे. त्याचं कारण भाऊ सांगायचे, "तिला बँड लागतो."

हा बँडचा टोमणा कुठून आला ते सांगायला हवं. वहिनींचे चुलते शाहीर होते. त्यांची भीमगीतांची गायन पार्टी इंदापूर भागात नावाजलेली होती. या पार्टीची एक कॅसेट निघाली आणि तिच्यातलं चवदार तळ्यावरचं गाणं त्या काळी जयंतीला गावोगाव वाजायचं. लोक त्याला नुसतं पाण्याचं गाणं म्हणत. गाणं सुरू होण्याआधी एक लांब आलाप होता, दम न तोडता वर चढत जाणारा आणि सावकाश खाली उतरणारा. तो क्लॅरिनेटचा, यात कुणाला शंका नव्हती, कारण कॅसेटच्या वेष्टणावर 'क्लॅरिनेट : झुंबर' असं छापलेलंच होतं. झुंबर हे पार्टीतले वादक. मिरवणुकीतले बँडवाले ते गाणं घ्यायचे, तेव्हा तो आलाप क्लॅरिनेटवरच वाजवायचे.

लग्नानंतरच्या पहिल्या जयंतीला समाजमंदिरावरच्या भोंग्यावर ते गाणं लागलं. वहिनी बायकांत बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "ही क्लॅरिनेट न्हाय. ही मी हाय."

झुंबर त्या दिवशी लग्नाच्या सुपारीवर गेले होते, रेकॉर्डिंगची वेळ तर ठरलेली, म्हणून चुलत्यांनी त्यांच्या जागी आपल्याला गायला लावलं, असं वहिनींचं म्हणणं. वेष्टण आधीच छापून झालं होतं. बायका हसल्या. भावांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "बरं, तू क्लॅरिनेट. मग ढोलकी कोण, तुझी आत्या?"

त्या दिवसापासून भावकीत वहिनींचं नाव क्लॅरिनेट पडलं. एक-दोन वर्षं त्यांनी समजावून पाहिलं. मग सोडून दिलं. चुलते गेले, झुंबर गेले, पार्टी मोडली. पुढं वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज बसला तो उठलाच नाही. आता त्या बोलतात तेव्हा चाळणीतून रवा पडल्यासारखं वाटतं. असा आवाज घेऊन 'ती क्लॅरिनेट म्हणजे मी' असं कुणाला सांगणार?

मागच्या जानेवारीत मात्र त्यांनी हा विषय स्वतःहून काढला. मी रविवारी काटेवाडीला गेलो होतो. भाऊ-वहिनींचा मुलगा सुयश, त्याची मुलगी दिशा तेव्हा दहावीत होती आणि चांगली गायची. येत्या जयंतीला तिनं स्टेजवर पाण्याचं गाणं म्हणायचं असं मंडळात ठरलं होतं. कीबोर्डवाला बारामतीचा. आलाप तो कीबोर्डवर क्लॅरिनेटचा आवाज लावून वाजवणार होता.

वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "भावजी, तुमी तिला सांगा. आलाप मिशनीवर नको. गळ्यानं म्हण म्हणावं."

"तुम्हीच सांगा की."

"सांगितलं. ती म्हणती, आजी, माणसाला एवढा दम नसतो." त्यांनी दाराला हात टेकला. "माझा गळा तर गेला. हिनं म्हणला तर तो बाईचा आवाज व्हता एवढं तरी ऱ्हाईल. आता मिशनीवर गेला की गेलाच."

दिशाला मी काय सांगणार? मी स्वतः तो आलाप क्लॅरिनेटचाच धरून चाललो होतो.

आता माझ्याविषयी थोडं. मी साखर कारखान्याच्या हिशोब विभागात आहे आणि पुढच्या वर्षी निवृत्त होईन. निवृत्तीनंतर काय करायचं हे मी आधीच ठरवून ठेवलं आहे: गाणी ऐकायची. त्यासाठी गेल्या दिवाळीत मी एक म्युझिक प्लेअर घेतला. त्याला हाय-फाय म्हणतात. गाण्याची काटछाट न करता पूर्ण आवाज जसाच्या तसा साठवलेल्या मोठ्या फाइली तो वाजवतो. पत्त्यांच्या कॅटाएवढा आहे, पण हातात घेतला की जड लागतो. एका बाजूला आवाजाची चकती. ती फिरवली की जुन्या रेडिओसारखी बोटाला टकटक कळते. ऐकायला वायरचेच इअरफोन लावायचे. ऑफिसातले तरुण लेखनिक म्हणाले, "साहेब, जग वायर सोडून चाललंय आणि तुम्ही वायर आणली."

काटेवाडीला तो पहिल्यांदा नेला, तेव्हा भावांनी उलटसुलट करून पाहिला.

"ह्याच्यात फोन लागतो?"

"नाही."

"फोटू?"

"नाही."

"टॉर्च तरी हाय का?"

"नाही. फक्त गाणी."

"मग रवी, तुला दुकानदारानं गाठला," भाऊ म्हणाले आणि प्लेअर माझ्या हातात ठेवून गोठ्याकडं गेले.

माझं पहिलं मत सांगायचं तर, पहिल्या संध्याकाळी मलाही भावांचं म्हणणं पटायला लागलं होतं. मी मोबाईलमधलीच गाणी त्यात भरली होती आणि फरक काही कळेना. मग लक्षात आलं की भांडं मोठं आणलं, पण पाणी तेच ओतलं. चांगल्या फाइली मिळवून भरल्या तेव्हा गोष्ट वेगळी झाली. ऐकून पाठ झालेल्या गाण्यात पेटीच्या भात्याचा फुसफुस आवाज येऊ लागला. ढोलकीवाल्याच्या बोटातली अंगठी लाकडाला लागली तर तेही कळू लागलं. कोरस म्हणजे एकच जाड आवाज असं मी समजत होतो. त्यात एक बाई बाकीच्यांच्या किंचित मागं असते, एका माणसाला सर्दी झालेली आहे, हे ऐकू आलं. आवाज मोठा झाला नव्हता. मधली धूळ झटकली गेली होती.

वहिनींच्या बोलण्यानंतर साहजिकच पाण्याचं गाणं या यंत्रात ऐकावंसं वाटलं. पण घरातली कॅसेट म्हणजे कॅसेटवरून उतरवलेली कॅसेट. दर वेळी उतरवताना बारीक आवाज गळतात आणि शेवटी गाळ राहतो. मूळ रेकॉर्डिंग इंदापूरला सर्जेरावांनी केलं होतं, एवढं वहिनींना आठवत होतं. बाजारपेठेत त्यांचं कॅसेटचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत ते मोठ्या स्पूलच्या टेपवर रेकॉर्डिंग करायचे.

मी एका शनिवारी इंदापूरला गेलो. सर्जेराव वारले होते. दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकत होती आणि त्यांचा नातू ऋषिराज गल्ल्यावर होता. मी गाण्याचं नाव काढताच तो म्हणाला, "काका, सगळे स्पूल मी कॉम्प्युटरवर घेतलेत. आजोबांची आठवण म्हणून. पण ऐकायला कुणी येत नाही. तुमच्या व्हॉट्सॲपवर टाकू का?"

"त्यावर नको. पूर्ण फाइल दे." मी मेमरी कार्ड पुढं केलं आणि प्लेअर दाखवला. त्यानं तो मान वाकडी करून पाहिला आणि पहिल्यांदा मला काका म्हणण्याऐवजी सर म्हणाला.

"झुंबर कोण, तुला माहीत आहे?"

"नाव लिहिलंय की डब्यावर. क्लॅरिनेट." म्हणजे स्पूलच्या डब्यावरही तेच होतं.

एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून मी ते गाणं लावलं. आधी खोलीची शांतता ऐकू आली, रिकामी नव्हे, माणसं बसलेली शांतता. कुणीतरी सतरंजीवर सरकलं. मग एक खोल श्वास, आणि आलाप. आवाज क्लॅरिनेटसारखाच होता, गोल, जरा घुमणारा. पण तो श्वास ऐकून मी स्वतःशीच म्हणालो, सापडलं. मधे एकदा बारीक टण्ण झालं, ते मी टेपचा दोष म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी काटेवाडी. पडवीत वहिनी मेथी निवडत होत्या, भाऊ बाजेवर पेपर वाचत होते. मी दिशाला बोलावलं, इअरफोन तिच्या कानात दिले आणि गाणं लावलं. श्वास आल्यावर बोट वर केलं.

"ऐकलंस? श्वास."

दिशानं पुढं ऐकलं, मग एक कान मोकळा केला. "आजोबा, क्लॅरिनेटवाला पण श्वास घेतोच की. तोंडानंच वाजवतात ना?"

भाऊ पेपरामागून हसले. "घ्या. इंदापूरचा हेलपाटा पाण्यात."

वहिनी मेथीची मुळं खुडून सुपाच्या कडेला ठेवत राहिल्या. त्यांचे हात मात्र आता सावकाश चालत होते. दिशानं इअरफोन परत लावले, बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून. तिनं आलाप पहिल्यापासून लावला, चकती दोन टकटक वाढवली. अर्ध्यात तिनं कपाळाला आठी घातली.

"हे मधेच टण्ण काय वाजतंय?"

"टेप खराब असेल," मी म्हणालो.

"खराब नाही. भांडं वाजल्यासारखं आहे."

वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "बांगडी लागली कळशीला."

दिशानं इअरफोन काढले. "कळशी कुठनं आली?"

"सर्जेरावांच्या खोलीतली. पाणी पेयाची, तांब्याची." वहिनींनी सूप बाजूला केलं. "मी आलाप म्हणला तर चुलतं म्हणलं, पोरी, गोड हाय, पण क्लॅरिनेटचा घुमार येईना. मग त्यांनी कळशी रिकामी किली आन् म्हणलं, पाण्याचं गाणं हाय, भांड्यातनंच येऊ दे. कळशी अशी तोंडाफुडं धरली. वर जाताना हात हलला आन् बांगडी वाजली. मला वाटलं आता रागावत्यात. पण टेप महाग, पुन्हा कोण घेतंय? त्यांनी तसंच ठिवलं."

वहिनींच्या कानाला इअरफोन लागलेच नव्हते. कॅसेटवर तो टण्ण कधी कुणाला ऐकू आला नव्हता. मी प्लेअर घेऊन पुन्हा ऐकलं. आलाप सर्वांत उंच जागी पोचतो, त्याच्या अगदी अलीकडं, जिथं हात हलावा तिथंच, काच धातूला लागते.

भावांनी पेपराची घडी घातली. "मग इतकी वर्षं कळशीचं का बोलली न्हाईस?"

"क्लॅरिनेट म्हणलं तवा एवढं हसला," वहिनी म्हणाल्या. "कळशी म्हणल्यावर घरात ठिवलं असतं का मला?"

भाऊ काही वेळ बाजेची नवार बोटानं ओढत बसले. मग उठून त्यांनी स्वतः इअरफोन मागितले. कानात उलटे घातले, ते दिशानं नीट केले. गाणं पूर्ण ऐकलं. काढून ठेवताना म्हणाले, "दम हाय." एवढंच. पण ते वहिनींकडं बघून म्हणाले.

शेवटी वहिनींना ऐकवलं. स्वतःचा तो आवाज त्यांनी भोंग्यावर आणि घासलेल्या कॅसेटवरच ऐकला होता. त्या डोळे मिटून बसल्या. आलाप संपला, चुलत्यांनी पहिली ओळ उचलली, तेव्हा त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर ताल धरू लागला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. पण त्यांनी इअरफोन काढले आणि म्हणाल्या, "पोरगी भ्यालीय."

"कोण पोरगी?" मी विचारलं.

"हीच की, गाणारी. सुरवातीला भ्यालीय. वर गेल्यावर सावरली." मग दिशाकडं वळून, "तू भ्यायचं न्हाय. तुझा श्वास माझ्यापरीस मोठा हाय."

दिशा उठून आत गेली आणि स्वयंपाकघरातून स्टीलची कळशी घेऊन आली. तोंडापुढं धरून तिनं आलाप सुरू केला. गोठ्यातली म्हैस हंबरली. भाऊ म्हणाले, "वळखलं बघ तिनं."

त्यानंतर दीड-दोन महिने तो उद्योग चालला. दिशाची परीक्षा असल्यामुळे अभ्यास झाल्यावर अर्धा तास, असा सुयशनं नियम घातला होता. स्टीलची कळशी कर्कश बोलते हे पहिल्याच आठवड्यात कळलं. सुयश बारामतीच्या भांडी आळीतून तांब्याची घेऊन आला. दुकानदारासमोर त्यानं तीन कळश्यांत तोंड घालून आवाज काढून पाहिले, तेव्हा दुकानदारानं विचारलं म्हणे, "पाण्यालाच पाहिजे ना?"

वहिनींना गाऊन दाखवता येत नव्हतं. त्या हातानं शिकवायच्या. हात वर नेला की सूर चढवायचा, तळवा पालथा केला की उतरायचं, मूठ मिटली की तिथंच थांबायचं. चुकलं की सुपावर टिचकी. दिशा अडली की प्लेअरवर तेवढा तुकडा ऐकायची. म्हणजे शिकवणाऱ्या आजी दोन झाल्या, एक समोर बसलेली आणि एक यंत्रातली. दोघींत मतभेद झाला तर समोरच्या आजीचं खरं.

"रेकॉर्डमध्ये तू इथं थांबली नाहीस, आजी."

"तवा मला कळत नव्हतं. थांब."

मी घेतलेला प्लेअर आता काटेवाडीतच राहू लागला. रविवारी गेलो की मलाच मागून घ्यावा लागे.

जयंतीच्या चार दिवस आधी मंडळाचा निवेदक पोरगा घरी आला. काय पुकारायचं, ते त्याला लिहून हवं होतं. भावांनी सांगायला सुरुवात केली, "लिही, मूळ आलाप ताईबाईंचा. झुंबरचं नाव चुकीनं छापलं व्हतं."

वहिनींनी त्यांना मधेच थांबवलं. "झुंबरदादांचं नाव काढायचं न्हाय. आलाप बसवला त्यांनीच. मी त्यांचं ऐकून ऐकून शिकलेली."

"अगं, पण गायलीस तू."

"मग दोन्ही लिवा. चाल त्यांची, गळा माझा. त्यांना का चोर ठरवायचं? त्यांनी कुठं म्हणलं व्हतं मी वाजवलं म्हणून?"

पोरानं तसं लिहून घेतलं. भाऊ माझ्याकडं बघून म्हणाले, "रवी, हे मला चाळीस वर्षांत सुचलं नसतं." वहिनी चहा टाकायला आत गेल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

जयंतीला संध्याकाळी समाजमंदिरापुढं मांडव भरला होता. निवेदकानं दोन्ही नावं नीट पुकारली. दिशा पांढऱ्या ड्रेसमध्ये कळशी घेऊन उभी राहिली, तेव्हा मागच्या पोरांत हशा पिकला. मग आलाप सुरू झाला आणि पुढच्या रांगेतले दोन म्हातारे क्लॅरिनेटवाला शोधायला माना फिरवू लागले. कीबोर्डवाला दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता.

आलाप सर्वांत उंच जागी पोचला. तिथं दिशानं सावकाश कळशी खाली घेतली. सूर तोच, न तुटलेला, पण घुमार गेला आणि उघडा गळा ऐकू आला, मुलीचा. तसं करायला तिला वहिनींनीच सांगितलं होतं. मला ते आधी ठाऊक नव्हतं. मांडवातल्या बायका एकमेकींकडं न बघता सरळ वहिनींकडं बघू लागल्या. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचा हात हवेत होता, तळवा पालथा, हळूहळू खाली येणारा. दिशा त्या हाताबरोबर उतरत आली आणि मूठ मिटली तिथं थांबली.

कार्यक्रम झाल्यावर बायकांनी वहिनींना गराडा घातला. लग्नानंतरच्या त्या पहिल्या जयंतीला हसलेल्यांपैकी फुलाबाई अजून आहेत, काठी टेकत चालतात. त्या म्हणाल्या, "तायबाय, व्हय गं, तूच व्हतीस की."

"व्हय," वहिनी त्यांच्या रवाळ आवाजात म्हणाल्या. "बस, गर्दी कमी होऊ दे. मग सांगती."

फुलाबाईंनी खुर्ची ओढली. वहिनींनी पदर सावरला आणि सर्जेरावांच्या खोलीपासून सांगायला सुरुवात केली.